नवरा बाल्कनीत झ्यूसला वाइन ओततो आणि सासूबाई म्हणतात तूच बिघडवलंस

आजचं पत्र अथेन्सहून आलंय. खूप मोठं आहे म्हणून कापून देतेय, आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते काढलंय.

"ताई, मी मूळची सांगलीची, नऊ वर्षं झाली अथेन्सला. नवरा इथलाच, ग्रीक. लग्न म्युनिसिपालिटीत केलं कारण बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी चर्चमधे लग्न लावत नाहीत. मुलगी सहा वर्षांची. तीनेक वर्षांपूर्वी याला प्लोटिनस हा जुना तत्त्वज्ञ वाचायचं वेड लागलं, मग रात्री डोळे मिटून बसायला लागला, तोपर्यंत ठीक होतं. आता वर्षभर बाल्कनीत छोटी वेदी आहे, धूप घालतो, झ्यूसला अपोलोला वाइन ओततो (खालच्या मजल्यावरच्या बाई भांडून गेल्या, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर ठिबकली), आणि अमावास्येच्या रात्री तीन रस्ते मिळतात तिथे अंडी लसूण ब्रेड ठेवून येतो, मागे वळून न बघता. मला घामच फुटला, आमच्याकडे तिठ्यावरचं ओलांडायचं पण नसतं. सासूबाई कट्टर ऑर्थोडॉक्स, त्या म्हणतात हे तुझ्यामुळे, तुम्ही मूर्तिपूजक. मी तर देवाला हात पण क्वचित जोडते! वर नवरा म्हणतो तुमचं आमचं एकच, प्लोटिनसचं ते 'एक' म्हणजे तुमचं ब्रह्म, तू आमच्या ग्रुपमधे येऊन पूजा करून दाखव, मूर्तीत प्राण कसे आणतात ते सांग. हल्ली तास तास गप्प असतो, रात्री दोनपर्यंत बसतो, सकाळी मुलीला शाळेत सोडायची पाळी त्याची असली तरी मीच सोडते. मुलगी विचारते झ्यूसच्या बापाने, क्रोनोसने, स्वतःची बाळं का गिळली, मला उत्तर येत नाही. सासूबाईंना तिचा बाप्तिस्मा हवाय, याला नकोय. मला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही. — अथेन्सची सून"

अगं सूनबाई, शेवटची ओळ मी तीनदा वाचली, तिच्याकडे येतेच. पण आधी तो तिठा, कारण घाम तुला तिथे फुटलाय.

तो जे ठेवून येतो ना त्याला हे जुने ग्रीक देव मानणारे लोक हेकाटीचं जेवण म्हणतात, दीप्नो. हेकाटी म्हणजे तिठ्यांची देवी. चांद्र महिन्याचा शेवटचा दिवस, चंद्र नाही, त्या रात्री घर झाडून, केरकचरा काढून, हेकाटीचा वाटा तिच्या जागी म्हणजे जिथे रस्ते मिळतात तिथे ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी नुमिनिया, नवी चंद्रकोर, नवा महिना, तेव्हा घरातल्या देवांना धूप, मधाचा गोड पदार्थ असं काहीतरी. म्हणजे महिन्याचा हिशोब मिटवायचा आणि पाटी कोरी करायची. आपल्याकडे तिठ्यावर जे असतं तो उतारा असतो, कोणाची तरी पीडा उतरवून टाकलेली, म्हणून ते ओलांडायचं नसतं. दिसायला दोन्ही सेम, अंडं काय, अंधार काय, वळून न बघणं काय, पण कामं वेगळी आहेत. तुझी भीती सांगलीची आहे, तिचा त्या अंड्याशी संबंध नाही. आणि पूर्वीच्या ग्रीकांना पण यात भयंकर असं काही वाटत नव्हतं, आरिस्टोफानिस या जुन्या विनोदी नाटककाराच्या नाटकात तर विनोद आहे की श्रीमंत लोक दर महिन्याला हेकाटीला जेवण पाठवतात आणि गरीब लोक ते खाली ठेवायच्या आत उचलून खातात! हल्ली हे करणारे बरेच जण चौकात ठेवण्याऐवजी तेच अन्न गरजूंना देतात, हे नवऱ्याला सुचवून बघ, चौकातली मांजरं नाराज होतील पण म्युनिसिपालिटी खूश होईल.

(एक गंमत सांगू, जुन्या अथेन्सच्या कॅलेंडरमधे पण अधिक महिना असायचा, चांद्र महिने सूर्याशी जुळवायला, बहुतेक वेळा पोसिडेऑन हा महिना दोनदा यायचा. हे मला कळलं तेव्हा मी आमच्या शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली मग जावयाला वाण द्यायचे का तिथे.)

आता सासूबाई. तू हे आणलंस म्हणतात त्यावर मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण सांगलीतून झ्यूस कोण नेईल! त्या मुलाने शाळेतच गिम्नासिओत म्हणजे माध्यमिक शाळेत पहिल्या वर्षाला ओडिसी आणि दुसऱ्या वर्षाला इलियड वाचलेलं असणार, तिथे तो अभ्यासक्रमच आहे, म्हणजे हे देव त्याला सरकारनेच दप्तरात घालून दिले होते. पण हे उत्तर म्हणून त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. त्यांच्या बाजूने बघ जरा. ग्रीसच्या घटनेत ऑर्थोडॉक्स चर्चला प्रमुख धर्म म्हटलंय, सण, नाव, मयत, सगळं त्यातून चालतं, आणि जुन्या देवांना परत पूजणारे, हजारो वर्षांपूर्वीचे वाटावेत असे लोक त्यांना टीव्हीवर पांढरे झगे घालून दिसतात, 2007 च्या जानेवारीत झ्यूसच्या देवळाच्या खांबांमधे पूजा केली त्यांनी, मोठी बातमी झाली होती. लोक त्यांना दोदेकाथेइस्तीस म्हणतात, बारादेववाले, आणि ते काही प्रेमाने म्हणत नाहीत. 2017 मधे सरकारदरबारी ज्ञात धर्म म्हणून मान्यता मिळाली तरी चिडवणं थोडीच थांबतं. म्हणजे त्या बाईंना चर्चच्या अंगणात बायका विचारत असणार, तुमचा मुलगा त्यातला का हो, आणि मग खापर फोडायला समोर तू आहेस, बाहेरची, आयती.

तरी एक सांगते. पुढच्या वेळी त्यांच्या घरी जाशील तेव्हा त्यांचा देव्हारा बघ, म्हणजे तो आयकॉनचा कोपरा, तिथे कंदिली म्हणतात तो तेलाचा दिवा असेल आणि लिवानी म्हणजे धूप जाळायची छोटी धूपदाणी असेल, कोळशाच्या टिकल्या असतील. तुझा नवरा बाल्कनीत जे जाळतो ते बहुतेक त्याच दुकानातनं आणलेलं असतं. मला वाटतं मुलगा लहानपणापासून त्या वासात वाढला म्हणूनच त्याला पुस्तकं पुरली नाहीत, हात कामाला लावावेसे वाटले. हे त्यांना बोलून दाखवू नकोस, पण तुझ्या मनात असू दे, म्हणजे त्या ओरडल्या तरी तुला त्यांचा राग कमी येईल.

आणि हे पुस्तकं विरुद्ध हात प्रकरण फार जुनं आहे बरं का. मी चोवीस वर्षं कॉलेजात फिलॉसॉफी शिकवली, ग्रीकांचा पेपर माझ्याकडे असायचा, त्यात प्लोटिनसला दोन लेक्चरं आणि बाकीच्यांना अर्धं, पोरं तेवढ्यात पण झोपायची. पण मला स्वतःला तो अर्ध्या लेक्चरचा भागच सगळ्यात आवडायचा. प्लोटिनस तिसऱ्या शतकातला, त्याचं म्हणणं असं की सगळ्याच्या मुळाशी ते एक, त्यातून बुद्धी, तिच्यातून जीव, आणि जीवाने आत वळून परत वर चढायचं, देवळात जायची त्याला गरजच वाटत नव्हती, एक शिष्य सणाला देवळांत चला म्हणाला तर हा म्हणाला त्यांनी माझ्याकडे यावं, मी का जाऊ. त्याचा शिष्य पोर्फिरी, त्याने पुढे एका इजिप्शियन पुजाऱ्याला उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलं, सगळे प्रश्नच प्रश्न, देव जर शरीर नसलेले आहेत तर धूर आणि बळी कशाला, मंत्रातले अर्थ नसलेले शब्द कशाला. आणि त्याला उत्तर दिलं इयाम्ब्लिकसने, ते पण स्वतःच्या नावाने नाही, अबामोन नावाचा त्या पुजाऱ्याचा गुरू बनून! म्हणजे जगातलं पहिलंवहिलं सल्ला सदर म्हण, टोपणनावासकट. त्याचं उत्तर थोडक्यात असं, की नुसत्या विचाराने देवाशी जोडलं जात असतं तर प्रत्येक हुशार माणूस पोचला असता. जीव शरीरात पूर्ण उतरलाय, मग परत जायची वाट पण शरीरातनंच, दगड, पानं, वास, आवाज, या सगळ्यात देवांनीच आपल्या खुणा ठेवल्यात, त्या जुळवायच्या, आणि काम देव करतात, आपण फक्त भांडं स्वच्छ ठेवायचं. याला थेउर्गिया म्हणतात, देवकार्य म्हणायला हरकत नाही, फक्त जेवणावळ नसते.

तुझा नवरा प्लोटिनसकडून इयाम्ब्लिकसकडे सरकलाय, बस. माझ्या मते हे चांगलं लक्षण आहे. डोळे मिटून रात्रभर बसणाऱ्या माणसापेक्षा उठून बाल्कनी झाडणारा माणूस घराला परवडतो.

पण मग तो दोनपर्यंत बसणं काय, गप्प राहणं काय. इथे मात्र मी त्याच्याच पुस्तकातली माणसं तुझ्या बाजूने उभी करणार आहे, कारण ध्यान करणाऱ्या माणसाला बायकोने सांगितलेलं डिस्टर्बन्स वाटतं आणि प्लोटिनसने सांगितलेलं ज्ञान वाटतं (हे मला अनुभवाने माहीत आहे, आमच्याकडे पण एक अध्यात्म येऊन सहा वर्षं राहून गेलं, त्या काळात लाइटबिल कोणी भरलं ते विचारू नकोस).

तर त्याला हे विचार. प्लोटिनसचं चरित्र पोर्फिरीने लिहिलंय, त्यात आहे की त्या एकाशी एकरूप होणं पोर्फिरी बरोबर असताना चार वेळा घडलं. ते बरोबर होते जवळपास सहा वर्षं. चार वेळा! आणि पोर्फिरीला स्वतःला आयुष्यात एकदा, वयाच्या 68 व्या वर्षी. आणि उरलेल्या दिवसांत प्लोटिनस काय करत होता, तर त्याचं घर अनाथ पोरापोरींनी भरलेलं असायचं, रोममधली मोठी माणसं मरताना मुलं आणि मालमत्ता त्याच्या भरवशावर सोडून जायची, आणि हा त्या पोरांचे हिशोब तपासायचा, एकाचा धडा पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा, म्हणायचा जोपर्यंत ती तत्त्वज्ञानाकडे वळत नाहीत तोपर्यंत त्यांचे पैसे शाबूत राहिले पाहिजेत. मला हा प्रसंग त्याच्या 54 प्रकरणांपेक्षा जास्त पटतो, खरंच. तेव्हा नवऱ्याला सरळ म्हण, प्लोटिनस दुसऱ्यांच्या पोरांचा गृहपाठ घेत होता, तू स्वतःच्या पोरीला शाळेत सोड. सोमवार बुधवार शुक्रवार. यात फिलॉसॉफी आणायची नाही.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. पोर्फिरीला एका काळात आयुष्य संपवावंसं वाटायला लागलं होतं. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, प्लोटिनसला ते कळलं, तो उठून त्याच्या घरी गेला आणि म्हणाला हे तुझ्या बुद्धीतून आलेलं नाही, हा आजार आहे, काळ्या पित्ताचा, इथून निघ, हवापालट कर. आणि पोर्फिरी ऐकून सिसिलीला गेला आणि वाचला. बघ, साक्षात प्लोटिनसने पण तिथे अजून ध्यान कर म्हटलं नाही, आत्मा शरीरातून सुटू पाहतोय वगैरे तर अजिबात नाही, आजाराला आजार म्हटलं. तेव्हा तुझा नवरा गप्प असतो ते कसलं गप्प आहे हे तूच ओळखू शकतेस. जेवतो का, हसतो का, कामावर नीट जातो का, बसून उठल्यावर मोकळा वाटतो की अजून ओझं घेऊन उठतो. झोप उडाली असेल, जगण्यावरनंच मन उडाल्यासारखं बोलत असेल, काही ऐकू येतं दिसतं म्हणत असेल, तर थांबू नकोस, डॉक्टरकडे ने, आणि नाही म्हणाला तर सिसिलीची गोष्ट सांग. नुसताच नव्या नवरीसारखा हरखून पुस्तकात बुडालेला असेल तर उतरेल हळूहळू.

इयाम्ब्लिकसच्या शिष्यांना पण असंच व्हायचं, त्यांनी एकदा गुरूला विचारलं की तुम्ही प्रार्थना करताना दहा हात वर तरंगता आणि कपडे सोन्याचे होतात असं ऐकलं, आम्हाला का दाखवत नाही. तो फारसा न हसणारा माणूस, पण यावर हसला आणि म्हणाला ज्याने तुम्हाला हे सांगितलं तो मोठा गमत्या दिसतो, पण तसं काही नाहीये. हे नवऱ्याच्या ग्रुपमधे कोणी तरंगायला लागलं तर उपयोगी पडेल.

आता तुमचं आमचं एकच. हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं म्हणून त्याला विरोध करणं अवघड जातं, पण तू कर. प्लोटिनसला भारताबद्दल ओढ होती हे खरं आहे, अलेक्झांड्रियात अकरा वर्षं गुरूकडे शिकल्यावर 243 साली तो गॉर्डियन या रोमन बादशहाच्या सैन्याबरोबर पूर्वेकडे निघाला ते इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान शिकायलाच. पण बादशहा वाटेत मेला, सैन्य परत, आणि हा कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला पोचला. इथे आलाच नाही तो. पोर्फिरीने मांसाहार सोडण्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात ब्राह्मण आणि श्रमण लोकांचं वर्णन आहे, ते पण दुसऱ्याकडून ऐकलेलं. म्हणजे दोघांनी एकमेकांकडे लांबून पाहिलं, एवढंच.

आणि खरी अडचण वेगळीच आहे, ती तुझ्या नवऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. सगळं शेवटी एकच ब्रह्म असं म्हणून टाकलं तर मग झ्यूस वेगळा, अपोलो वेगळा, हेकाटी वेगळी, हे कशाला? वाइन कोणाला ओततोस मग? या परंपरेत पाचव्या शतकात प्रोक्लस नावाचा माणूस होऊन गेला, अथेन्सच्या शाळेचा प्रमुख, त्याने नेमका हाच पेच सोडवलाय, की देव हे त्या एकाचे तुकडे नाहीत आणि मुखवटे पण नाहीत, प्रत्येक देव हा स्वतः एक पूर्ण एकक आहे, सगळे सगळ्यांत आहेत पण आपापल्या तऱ्हेने, कोणी कोणात विरघळत नाही. हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण यायची. तिला कोणी म्हटलं असतं की जोतिबा आणि अंबाबाई शेवटी एकच, तर ती हो म्हणाली असती आणि चैत्रात जोतिबालाच गेली असती. प्रोक्लस तर असं पण म्हणतो की प्रत्येक देवाची एक साखळी असते, वरपासून खालपर्यंत, त्यात माणसं, प्राणी, झाडं, दगड सगळे ओवलेले, सूर्याच्या साखळीत कोंबडा आहे आणि सूर्याकडे तोंड वळवणारं एक फूल आहे (आपलं सूर्यफूल नाही, ते फार नंतर अमेरिकेतून आलं), आणि ते फूल वळतं ना, ते वळणं हीच त्याची प्रार्थना. मला याहून सुंदर काही त्या पेपरात शिकवायला मिळालं नाही.

तर नवऱ्याला म्हण, ब्रह्म राहू दे बाजूला, प्रोक्लस वाच. तू बहुदेववादी झालायस ना, मग मला तुझ्या एकात कशाला ढकलतोस, मी वेगळी राहिले तर तुझ्या देवांना चालतं.

मूर्तीत प्राण आणण्याचं सांगायला तर अजिबात जाऊ नकोस, मनापासून जावंसं वाटलं तर गोष्ट वेगळी. एक तर तुला ते येत नाही, आपल्यापैकी कोणालाच येत नाही, गुरुजी करतात आणि आपण पाटावर बसून पळीने पाणी सोडतो. दुसरं म्हणजे त्यांच्याकडे त्यांचं शास्त्र आहे, त्या त्या देवाच्या खुणा असलेले दगड, वनस्पती, वास एकत्र करून मूर्ती तयार करायची म्हणजे ती देवाचं तेज घ्यायला लायक होते, प्रोक्लसने लिहून ठेवलंय. पण मधली हजार दीड हजार वर्षं ते चालवणारी माणसं नव्हती, 529 साली जस्टिनियन या ख्रिस्ती बादशहाने अथेन्समधलं शिकवणं बंद पाडलं, शेवटचे सात जण इराणच्या बादशहाकडे गेले आणि वर्ष दीड वर्षात कंटाळून परत आले, पुढे पंधराव्या शतकात दक्षिण ग्रीसमधल्या मिस्त्राला प्लिथोन नावाच्या तत्त्वज्ञाने परत सगळं रचायचा प्रयत्न केला तर त्याचं पुस्तक तो मेल्यावर पाट्रिआर्कने म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाने जाळलं. त्यामुळे या लोकांना आपल्याकडे बघून हेवा वाटतो, यांचं तुटलं नाही, यांच्या आज्या अजून करतात. तो हेवा खरा आहे आणि त्याची टिंगल करू नये. पण तू त्यांच्यासाठी म्युझियममधला जिवंत नमुना व्हायचं काही कारण नाही. गेलीस तर पाहुणी म्हणून जा, कोणी विचारलं तर सांग आमची आई करायची, मी दिवा लावते कधीतरी, मला उकडीचे मोदक येतात. तेवढं पण खूप आहे.

जाशील तेव्हा एक गोष्ट मात्र कान देऊन ऐक. असल्या ठिकाणी बरीच साधी, वाचणारी, जरा एकटी माणसं असतात, पण मधेच कोणीतरी रक्त, वंश, शुद्ध ग्रीक असलं बोलायला लागतं. तसलं ऐकलंस तर पर्स उचल आणि घरी ये, आणि नवऱ्याला पण सांग की ज्या घरात तुझी अर्धी सांगलीची मुलगी आहे त्या घरात हे चालणार नाही. लागलं तर त्याला यादी दे. प्लोटिनस इजिप्तहून आलेला, पोर्फिरी टायरचा, इयाम्ब्लिकस सीरियाचा, त्या शाळेचा शेवटचा प्रमुख दमास्किओस, त्याच्या नावातच दमास्कस, प्रोक्लसचं घराणं लिकियाचं, आजच्या तुर्कस्तानातलं. प्रोक्लसच्या आधीचा शाळाप्रमुख, अथेन्सचा प्लुटार्क सोडला तर ज्यांना हे लोक गुरू मानतात ते जवळपास सगळे बाहेरचे. तुझ्यासारखेच.

मुलीचं. क्रोनोसने बाळं का गिळली याला सालुस्तियस म्हणून ज्युलियन या रोमन बादशहाच्या वेळचा एक जण, त्याने देवांवर छोटंसं पुस्तक लिहिलंय, त्यात उत्तर आहे, की बुद्धी स्वतःकडेच वळते, तिच्यातून आलेलं तिच्यातच राहतं, ते सांगायला ही गोष्ट. सहा वर्षांच्या पोरीला यातलं काही कळणार नाही. तिला सांग की ती सगळी बाळं पोटात मजेत होती आणि झ्यूसने सगळ्यांना बाहेर काढलं, ते पण गोष्टीतच आहे. अघासुराची गोष्ट तू पण अशीच ऐकली असशील, कृष्ण आत जातो आणि सगळे गोप बाहेर, आणि तुला काही झालं नाही.

बाप्तिस्मा. इथे मी स्पष्ट बोलते. दोघांपैकी एकाचा विरोध असताना करू नका, सासूबाईंनी परस्पर करायचा तर नाहीच, आणि नवऱ्याने पण तिला बाल्कनीतल्या वेदीसमोर उभं करून कसलाही नवा विधी करायचा नाही. नियम दोन्हीकडे सारखा. आजीबरोबर ईस्टरला मेणबत्ती घेऊन जाऊ दे, लाल अंडी फोडू दे, पहिल्या जानेवारीला वासिलोपिता या केकमधलं नाणं शोधू दे, बापाबरोबर चंद्रकोर बघू दे, तुझ्याबरोबर मोदक करू दे. बारा चौदा वर्षांची झाली की तिचं ती बोलेल. सासूबाईंना हे पटणार नाही. त्यांना न पटून पण तुम्ही दर रविवारी जेवायला जात राहा, कारण त्यांची खरी भीती नात हातची जाईल ही आहे.

आणि तुला काय हवंय? पत्रात एक वाक्य होतं जे मी वर छापलं नाही, तू लिहिलंस की एकदा पहाटे तो बाल्कनीत सूर्याला काहीतरी म्हणत होता आणि तू आत चहा करत होतीस आणि तुला उगाच बरं वाटलं, आजोबा अर्घ्य द्यायचे ते आठवलं. मग त्याचं काय करायचं ते ठरवायची घाई नको. तुला पण काहीतरी हवं असू शकतं, त्याच्या देवांपैकी नाही, आपल्यापैकी पण नाही, नुसतं पहाटे दहा मिनिटं चहा घेऊन शेजारी उभं राहायचं असू शकतं. ते त्याला सांग. आणि माझं ऐकशील तर हे पण सांग की तुझा प्रश्न देवांचा नाहीये, तो तुझ्याशी बोलत नाही हा आहे. पोर्फिरीने म्हातारपणी मार्सेला नावाच्या सात मुलांच्या विधवेशी लग्न केलं, दहा महिन्यांत तिला सोडून लांब कामाला गेला आणि तिथून पत्र लिहिलं, आत्मा, सद्गुण, देवाकडे कसं वळावं, सुंदर पत्र आहे, अजून वाचतात लोक. तिचं उत्तर काही टिकलेलं नाही. मला नेहमी वाटतं तिने लिहिलं असणार, परत कधी येताय.

जमलं तर एका संध्याकाळी त्याला घेऊन अॅक्रोपोलिसच्या खालच्या त्या फरसबंदी रस्त्यावर फिरायला जा, दिओनिसिउ आरेओपागितु. मुलीला आजीकडे ठेवा. 1955 साली तिथे रस्त्याच्या कामात एक मोठं घर सापडलं, अस्क्लिपिओस या वैद्यकीच्या देवाच्या देवळाच्या बाजूला, ते प्रोक्लसचं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि मग ते परत झाकून वरनं रस्ता केला. आणि रस्त्याला नाव कोणाचं, तर ज्या संताच्या नावावर प्रोक्लसचेच विचार उचलून ख्रिस्ती पुस्तकं लिहिली गेली त्याचं! म्हणजे सासूबाईंचा संत वर आणि नवऱ्याचा गुरू खाली, एकाच रस्त्यावर. मी गेले होते तेव्हा तिथे एक माणूस भाजलेली कणसं विकत होता. नवऱ्याला विधी वगैरे मात्र तिथे करू देऊ नकोस, परवानगीशिवाय काही केलं तर गार्ड येतात आणि रागावतात.

आणि हो, खालच्या बाई. वाइनचा डाग वाळला असेल तर चादर आता गेलीच, नवी घेऊन दे, आणि नवऱ्यालाच द्यायला पाठव. पुढे ओतायची असेल तर वेदीसमोर एक खोलगट वाडगं ठेवायचं आणि नंतर ते कुंडीतल्या मातीत रिकामं करायचं, तुळशीच्या नको, ती वाइनने जळेल. तिकडे बाल्कनीत तुळशीचाच भाऊ असतो, वासिलिकोस, त्याच्या पण कुंडीत नको.